यंत्राला जात हवी, कसणारा नको!

मार्च २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यात खत घ्यायला गेलेल्या शेतकऱ्यांना ई-पॉस यंत्राने जात विचारली. विधानसभेत गदारोळ झाला. तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी सरकारला जाब विचारला. शाळेच्या दाखल्यापासून स्मशानभूमीपर्यंत ज्यांना जात विचारली जाते, त्या आम्हाला या गदारोळाची थोडी गंमतच वाटली. विचारलीच होती जात, तर उत्तरही जाहीर करायचे होते! २०२२-२३ मध्ये केंद्राने खतांच्या अनुदानावर सुमारे अडीच लाख कोटी रुपये खर्च केले. त्यातले किती कोणाच्या वावरात पडले, हे एकदा देशाला कळू द्या.

अनुदान पोत्यावर मिळते. ४५ किलो युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना पडते, कारण उरलेली किंमत सरकार भरते. म्हणजे ज्याचे वावर मोठे, त्याची पोती जास्त आणि सरकारी पैसाही जास्त. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील सरासरी वहिती १.०८ हेक्टर आहे आणि अनुसूचित जातींची ०.७८ हेक्टर.

आमच्या वाशिम जिल्ह्यात गायरान कसणारा किंवा मक्त्या-बटईने शेती करणारा आपला माणूस तर सातबाऱ्यावरच नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. तरी कितीतरी फायली अजून तहसीलमध्ये धूळ खात आहेत. सातबारा नाही म्हणून पीक कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून खत उधारीवर.

उधारीचे गिऱ्हाईक खत निवडत नाही, दुकानदार देईल ते उचलते. सोयाबीन हे द्विदल पीक. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात, त्यामुळे त्याला युरियाची गरज फार थोडी. पेरणीला हवे स्फुरद आणि गंधक, आणि सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये हे दोन्ही असतात. पण उधारीवाल्याच्या बंडीत युरिया पडतो, नाहीतर डीएपीसोबत न मागितलेली एखादी औषधाची बाटली. यालाच बाजारात लिंकिंग म्हणतात. यंत्रावर अंगठा कित्येकदा भलत्याचाच, आणि बिल मागायची सोय नाही, कारण पुढच्या हंगामात त्याच दुकानाची पायरी चढायची असते.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे, हे कार्यकर्त्यांनी पाठ करावे. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे विक्रेत्याने साठा आणि दर यांचा फलक लावलाच पाहिजे आणि खरेदीदाराला रोखीची असो वा उधारीची, पावती दिलीच पाहिजे. हा आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे, त्याचा भंग हा गुन्हा ठरतो. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहक असल्याचे मान्य केले. निकाल बियाण्याचा असला तरी खोट्या खताच्या दाव्यातही तो आधाराला घेता येतो. मात्र पावती नसेल तर खरेदी सिद्ध करता करताच वकिलाची दमछाक होते.

आता नवे संकट पुढे आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि तो मिळतो सातबाऱ्यावरून. उद्या अनुदानाचे खतही याच क्रमांकावर देऊ लागले, तर आज उधारीने का होईना मिळणारे पोतेही आपल्या माणसाच्या हातून जाईल. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी शेती हा राज्याचा उद्योग मानला आणि पाणी, बैल, अवजारे, बियाणे यांच्याबरोबर खत पुरवण्याची जबाबदारीही राज्यावर टाकली. त्यात जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असा भेदच उरणार नव्हता.

तेव्हा या वर्षावासाची वाट न पाहता, मृग लागण्याआधीच प्रत्येक विहारात एक वही ठेवावी. गावात गायरान कोण, किती वर्षांपासून कसतो, बटईने कोण करतो, खत कोणत्या दुकानातून, काय भावाने, पावतीसह की पावतीविना आणले, हे तीत लिहावे. त्या नोंदी घेऊन सहाही तालुक्यांचे कार्यकर्ते एकाच दिवशी तहसीलदार आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जाऊ. अर्जाचा मसुदा मी करून देतो.