पुन्हा चाचणी, पण कशासाठी?

मुलांची पुन्हा चाचणी करायला माझा विरोध नाही. आकडा आवडला नाही म्हणून पुन्हा मोजण्याला आहे.

माझी मुलगी नऊ वर्षांची, आनेकलच्या शाळेत तिसरीत. तोंडी विचारा, पाचवीची गणितं सोडवते. तेच उदाहरण वाचून सोडव म्हटलं की दुसऱ्या ओळीत अडखळते. चार महिन्यांपूर्वीच्या चाचणीत बुद्ध्यांक १०४ आला. शाळा म्हणते, मुलगी साधारण आहे, वर आळशी. पुण्याहून तिची आत्या म्हणते, दुसरीकडे करून घ्या, ‘प्रज्ञावंत’ निघेल. पुण्यात १९६२ पासून ज्ञान प्रबोधिनी आहे, तिथे त्या शब्दामागे काही काम तरी आहे. आमच्या शाळेत त्या शिक्क्याने एक तासही बदलणार नाही.

दोघांचंही लक्ष एकाच आकड्यावर, आणि तो आकडा एकत्रित आहे. मूल तर्कात खूप वर आणि भरभर लिहिण्यात खूप खाली असेल, तर येतो तो मधलाच. हुशारी झाकते, अडचणही झाकते. तीच चाचणी लगेच दिली तर सरावानेही गुण वाढतात. त्यावर पेढे कसले वाटायचे?

शिवाय चाचणी कुठली? बिने-कामत अजून वापरतात. व्ही. व्ही. कामतांनी ती १९३०च्या दशकात धारवाडकडच्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. तेव्हाच्या मुलांच्या मापाने आजची मुलगी मोजली की आकडा फुगतो. नागपूरच्या मालिन यांची चाचणीही १९६०च्या दशकातली. पण कामतांनी मुलांना त्यांच्या भाषेत प्रश्न विचारले, हे आजही शिकण्यासारखं आहे. आमच्या घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. चाचणी झाली इंग्रजीत, आणि अहवालात भाषेबद्दल अक्षर नाही.

चाचण्या म्हणजे थोतांड, असं म्हणणारेही भेटतात. त्यांना विचारते, कागदाशिवाय परीक्षेत जादा वेळ कोण देतं? विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्रासाठी १४व्या आणि १८व्या वर्षी पुन्हा तपासणी होतीच. त्यात मधल्या हौशी चाचण्यांची भर कशाला? दर वेळी पोर बाहेर येऊन विचारते, “आई, मी पास झाले का?”

म्हणून पुन्हा तपासायचं ते वाचन आणि लेखन, बुद्ध्यांक नव्हे. त्यासाठीचा चाचणीसंच निम्हान्सनेच तयार केला आहे, आणि चंदापुराहून होसूर रोड धरला की निम्हान्स त्याच रस्त्यावर. तिथे मी तीन गोष्टी मागणार: कुठल्या भाषेत तपासलं ते लिहा, माप कुठल्या सालचं ते लिहा, प्रत्येक भागाचे गुण वेगळे द्या. सोबत तिची मराठी आणि कन्नड वहीही नेते आहे. मागच्या वेळी त्या कुणी मागितल्याच नव्हत्या.