इंग्रजी खेळातून, शिक्षण मराठीतून

महाराष्ट्राने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. तरी पालकांची धाव इंग्रजी माध्यमाकडेच! केवळ स्पेलिंग घोकून मूल बोलते होत नाही, हेच त्यामागचे दुखणे. त्यापेक्षा वर्गात आंधळी कोशिंबीर खेळावी. डोळे बांधलेल्या मुलाला सवंगड्यांनी ‘लेफ्ट’, ‘राइट’, ‘स्टॉप’ असे सांगत फळ्यापर्यंत न्यावे. इंग्रजी शब्दांच्या भेंड्या लावाव्यात. खेळात चुकले तर हशा पिकतो, छडी उगारली जात नाही. म्हणूनच भीड चेपते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी उभारली, ती परिसरातील साध्या साधनांवरच. इंग्रजी भाषा म्हणून अवश्य शिकावी. विचारांचे माध्यम मात्र मातृभाषाच हवे. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत हेच सांगते. मराठी शाळेतच इंग्रजी हसत-खेळत येऊ लागली, तर शाळा बदलण्याचे प्रयोजनच काय?