युक्तीचे मोल

दोन फळ्यांना सरस लावून त्या क्लॅम्पने आवळू लागले की त्या हमखास सरकतात. ओल्या सरसावर मिठाचे चार कण भुरभुरले तर ते लाकडात रुततात आणि फळ्या जागच्या हलत नाहीत. अमेरिकेतील सुतारकामाची मासिके अशाच युक्त्यांना मानधन देतात. १९७५ साली निघालेल्या ‘फाइन वुडवर्किंग’मध्ये तर वाचकांच्या युक्त्यांचे स्वतंत्र सदरच चालत आले आहे.

रक्कम माफक, छापलेल्या युक्तीस साधारण पन्नास ते शंभर डॉलर. धंद्यातील खुबी दुकानाबाहेर जाऊ न देणाऱ्या घराण्यांना हा सौदा आतबट्ट्याचाच वाटेल. कॉपीराइट शब्दांना व चित्रांना असतो, कल्पनेला नसतो. त्यामुळे छापलेली युक्ती कोणीही वापरावी. पेटंटची आशा असेल तर अर्ज आधी करावा, कारण प्रसिद्ध झालेल्या गोष्टीची नवीनता आपल्या कायद्याने सहसा उरत नाही. मासिक मोल देते ते प्रथम व नीट सांगण्याचे.

मात्र युक्ती पाठवणाऱ्याची स्वतःची असावी, ही अपेक्षा असते. आपल्याकडील एखाद्या फर्निचर कारखान्यातून ती पाठवावीशी वाटली, तर पेच येथेच पडतो. युक्ती मिस्त्रीची, इंग्रजी मात्र मालकाच्या चिरंजीवांना येते, म्हणून नाव त्यांचे. वहीत कोठेही न दिसणारे हे अदत्तादानच होय. मिस्त्रीची संमती घ्यावी, युक्ती त्याच्याच नावाने पाठवावी आणि डॉलर त्याच्याच खात्यात जमा होऊ द्यावेत. लिहून देणाऱ्याने फार तर टपालखर्च वळता करून घ्यावा.