एचआयव्ही उपचार: औषध मोफत, तरी पहिल्या गोळीपर्यंतची वाट लांब

छत्तीसगडची राजधानी रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूर महामार्गालगत सिलतरा ही औद्योगिक वसाहत आहे. स्पंज आयर्न आणि पोलादाचे कारखाने, कच्चा माल घेऊन येणाऱ्या ट्रकची अहोरात्र वर्दळ आणि शेजारच्या राज्यांतून पोटासाठी आलेले मजूर, असे येथील चित्र आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात स्थलांतरित मजूर आणि लांब पल्ल्याचे ट्रकचालक या दोन्ही गटांकडे विशेष लक्ष पुरवले जाते. सिलतऱ्यात हे दोन्ही गट एकाच रस्त्यावर भेटतात.

अशा वसाहतीतील एखाद्या मजुराच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू आढळला, तर निदानापासून पहिली गोळी घेण्यापर्यंत किती दिवस जावेत? सात दिवसांच्या आत, आणि रुग्णाची तयारी असल्यास त्याच दिवशी, असे या प्रश्नाचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०१७ मध्ये दिले. भारतानेही पुढे तातडीने उपचार सुरू करण्याचे धोरण स्वीकारले. परंतु हे धोरण रोजंदारीवर जगणाऱ्या माणसापर्यंत कसे पोहोचवायचे, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

वाट पाहण्याचा काळ

निदान होताच औषध द्यावे, हा विचार आज सरळ वाटत असला तरी तो रूढ होण्यास बरीच वर्षे लागली. २००१ पूर्वी तीन औषधांच्या संयुक्त उपचाराचा खर्च प्रतिरुग्ण वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होता. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने हाच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दर्शवली आणि गरीब देशांतील चर्चेचा रोख बदलला. भारतात १ एप्रिल २००४ रोजी मोफत एआरटी, म्हणजेच विषाणूरोधक औषधोपचार, सुरू झाले. सुरुवात झालेल्या आठ रुग्णालयांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा समावेश होता.

तथापि, औषधे मर्यादित होती आणि त्या काळातील औषधांचे दुष्परिणामही गंभीर होते. त्यामुळे ज्यांची प्रतिकारशक्ती सर्वाधिक खालावली आहे, त्यांनाच प्रथम औषध देण्याचे धोरण होते. रक्तातील सीडी-४ पेशींची संख्या दोनशेच्या खाली गेल्यावर उपचार सुरू होत. जागतिक आरोग्य संघटनेने ही मर्यादा २०१० मध्ये साडेतीनशेवर आणि २०१३ मध्ये पाचशेवर नेली. सप्टेंबर २०१५ मध्ये मर्यादाच काढून टाकण्यात आली. भारताने एप्रिल २०१७ मध्ये 'चाचणी करा आणि उपचार द्या' हे धोरण जाहीर केले.

मधल्या काळात ज्यांना 'अजून गरज नाही, सहा महिन्यांनी या' असे सांगून परत पाठवले जाई, त्यांपैकी अनेक जण फिरून आलेच नाहीत. जे आले, ते बहुधा क्षयरोग किंवा अन्य गंभीर आजार घेऊनच आले. वाट पाहण्याच्या धोरणाची खरी किंमत ही होती.

पुरावा काय सांगतो?

धोरणातील बदलामागे दोन प्रकारचे पुरावे आहेत. पहिला, लवकर उपचार करावेत की नाही यासंबंधी. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. या अभ्यासात चेन्नई आणि पुण्यातील केंद्रांचाही सहभाग होता. बाधित जोडीदारास लवकर औषध दिल्यास दुसऱ्यास लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसून आले. २०१५ मध्ये ३५ देशांतील ४,६८५ रुग्णांच्या अभ्यासाने दुसरी बाजू स्पष्ट केली. प्रतिकारशक्ती चांगली असतानाच औषध सुरू केल्यास गंभीर आजार वा मृत्यूचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

दुसरा पुरावा उपचार किती लवकर सुरू करावेत यासंबंधी आहे आणि तो प्रामुख्याने गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतून आला. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथे एकाच भेटीत औषध देऊ केलेल्यांपैकी ९७ टक्के रुग्णांचे उपचार तीन महिन्यांत सुरू झाले. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण ७२ टक्के होते. हैतीमध्ये त्याच दिवशी औषध मिळालेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण वर्षभरानंतरही उपचारात टिकून होते, तर इतरांत हे प्रमाण ७२ टक्के होते. लेसोथो या डोंगराळ देशात घरी जाऊन चाचणी केल्यावर तेथेच औषध देण्यात आले, तेव्हाही उपचार केंद्राशी जोडल्या गेलेल्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढले.

मात्र याच आकड्यांत एक इशाराही आहे. हैतीत त्याच दिवशी औषध मिळालेल्या दर पाच रुग्णांपैकी एक जण वर्षभरात उपचाराबाहेर गेला. लवकर सुरुवात केल्याने रुग्ण दारातून आत येतो. तो आत टिकेल याची हमी त्यातून मिळत नाही.

खेपांचा हिशेब

भारतात चाचणी, समुपदेशन आणि औषध या तिन्ही गोष्टी शासकीय केंद्रांत मोफत आहेत. सिलतऱ्यापासून रायपूर शहर फार दूर नाही आणि तेथील आंबेडकर स्मारक रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. मग अडचण कोठे येते?

ती खेपांमध्ये आहे. चाचणी एका केंद्रात, नोंदणी दुसरीकडे, रक्ताचे अन्य तपास वेगळ्या दिवशी आणि औषध त्यानंतर, असा क्रम असेल तर प्रत्येक टप्प्याला एक दिवस जातो. मासिक पगारदारास हा दिवस रजेचा असतो. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या मजुरास तो बुडालेल्या मजुरीचा असतो, शिवाय वारंवार गैरहजर का राहतोस, या प्रश्नाला उत्तरही द्यावे लागते. ट्रकचालक तर पुढील खेपेच्या दिवशी नागपूर किंवा संबलपूरच्या वाटेवर असू शकतो. त्यामुळे दोन भेटींमधील प्रत्येक दिवस हा रुग्ण हातचा जाण्याची शक्यता वाढवतो.

राष्ट्रीय पातळीवरील आकडेही याच दिशेने बोट दाखवतात. २०२३ च्या अंदाजानुसार देशात २५ लाखांहून अधिक एचआयव्हीबाधित आहेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार त्यांपैकी ८१ टक्के लोकांना आपल्या संसर्गाची माहिती होती. माहिती असलेल्यांपैकी ८८ टक्के उपचार घेत होते आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ९७ टक्क्यांच्या शरीरातील विषाणू नियंत्रणात होता. याचा अर्थ औषध आपले काम चोख बजावत आहे. गळती होते ती औषधापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर.

गोपनीयतेचा प्रश्न

या वाटेवरील दुसरा अडथळा भीतीचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये रायपूरमधील एका शासकीय रुग्णालयात नवजात बालकाजवळ त्याची आई एचआयव्हीबाधित असल्याचा फलक लावण्यात आल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. छत्तीसगड उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली, हा प्रकार अमानवी असल्याचे मत व्यक्त केले आणि राज्य शासनास पालकांना दोन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

अशी एक घटना त्या कुटुंबापुरती मर्यादित राहत नाही. ती ऐकणारा मजूर चाचणीलाच जात नाही, किंवा चाचणी झाल्यावर दुसऱ्या भेटीस येत नाही. म्हणून गोपनीयता हा केवळ सभ्यतेचा विषय नसून उपचाराचाच एक भाग ठरतो.

कायद्याने हे मान्य केले आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आलेल्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यानुसार नोकरी देताना वा टिकवताना एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही आणि संमतीशिवाय कोणाचीही स्थिती उघड करता येत नाही. शंभर वा अधिक व्यक्ती असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. आरोग्य संस्थांसाठी ही मर्यादा वीस आहे. सिलतऱ्यातील मोठ्या कारखान्यांना ही तरतूद लागू होते. परंतु ती कारखान्याच्या फाटकाबाहेर, ठेकेदाराकडे हजेरी लावणाऱ्या मजुराला ठाऊक असेल, तरच तिचा उपयोग आहे.

घाई कोठे नको?

त्याच दिवशी औषध देणे म्हणजे तपासणी वगळणे नव्हे. मेंदूज्वराची लक्षणे असल्यास, मग तो क्षयरोगाचा असो वा बुरशीजन्य, एचआयव्हीचे औषध काही आठवडे लांबवावे लागते. अन्यथा जिवास धोका संभवतो. क्षयरोगाची लक्षणे तपासणेही अत्यावश्यक आहे, कारण एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूंमागे हा रोग प्रमुख कारण आहे. धुळीच्या कारखान्यात राबणाऱ्याचा खोकला धुळीचाच समजला जाण्याचा धोका येथे अधिक असतो. शिवाय, ज्या रुग्णास निदान पचवण्यास वेळ हवा आहे, त्याच्यावर घाई लादणे योग्य नव्हे. मात्र हा निर्णय रुग्णाचा असावा. कार्यालयीन सोयीपोटी त्यास विलंब होऊ नये.

पुढील दिशा

आजचा उपचार पूर्वीपेक्षा बराच सोपा आहे. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते. स्थिर रुग्णास एका वेळी अनेक महिन्यांची औषधे देणे शक्य आहे, तसेच काम बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या रुग्णाची नोंद तेथील केंद्राकडे वर्ग करता येते. १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते. त्यामुळे साधनांची उणीव हे मुख्य कारण आता सांगता येणार नाही.

उरतो तो मांडणीचा प्रश्न. चाचणी झाली त्याच ठिकाणी आणि त्याच दिवशी पहिल्या काही दिवसांच्या गोळ्या हाती पडणे, पाळी सुटल्यानंतर किंवा सुटीच्या दिवशी केंद्र उघडे असणे, आणि पुढील भेटीची आठवण करून देणारा एक माणूस असणे, या गोष्टी खर्चिक नाहीत. गेल्या दोन दशकांत भारताने औषध स्वस्त केले आणि मोफतही दिले. सिलतऱ्यातील मजुराचा एक दिवसाचा रोजगार वाचवणे, हे त्या मानाने लहान काम आहे. पण पहिली गोळी वेळेवर मिळणे वा न मिळणे आता त्यावरच अवलंबून आहे.