गाडीचा विमा : बारीक अक्षरांत काय दडले आहे?

गाडी ही आता केवळ बंगलेवाल्यांची मिरासदारी राहिलेली नाही. आपल्या वस्त्यांतूनही दारात सेकंडहँड मारुती, व्हॅन, टेम्पो उभे दिसतात. कुणी पतपेढीचे कर्ज काढून गाडी घेतो, कुणी वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून. कर्ज काढताना घरातली चार माणसे बसून विचार करतात. विम्याच्या कागदावर मात्र एजंट बोट ठेवील तिथे सही होते आणि कागद कपाटात जातो. आमच्याकडे असे कागद घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी ते पहिल्यांदा उघडलेले असतात ते अपघात झाल्यानंतरच.

गाडीचे काम सुरू असताना दुसरी गाडी वापरायला मिळण्याची सोय, जिला एजंट मंडळी 'कर्टसी कार' म्हणतात, तिच्याविषयी अलीकडे आम्हाला बरेच विचारले जाते. मूळची ही पद्धत इंग्लंडातली. तिथेसुद्धा ही बदली गाडी बहुधा लहान आकाराची असते, ती कंपनीने ठरविलेल्या गॅरेजात दुरुस्ती चालू असेपर्यंतच मिळते आणि गाडी चोरीला गेली किंवा पार मोडीत निघाली तर साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा मिळतच नाही. आपल्याकडे ती जादा हप्ता भरून घ्यावयाची पुरवणी आहे. नाव 'कर्टसी कार' असले, तरी पुष्कळ पॉलिसींत गाडी देण्याऐवजी रोजचा ठराविक भत्ता दिला जातो.

आमच्या परिचयाच्या एका तरुणाचे उदाहरण देतो. वडील जुने गिरणी कामगार, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यासाठीच त्याने सहा वर्षांची जुनी गाडी घेतली. एजंटाने सांगितले, "गाडी गॅरेजला गेली तरी तुमचे अडणार नाही, दुसरी मिळेल." चारेकशे रुपये जादा भरले. पुढे ट्रकने कडेने घासले, दार आणि बंपर गेला. गाडी त्याने ओळखीच्या मिस्त्रीकडे टाकली, कारण तो जवळचा आणि स्वस्त. काम अठरा दिवस चालले. तेवढे दिवस वडिलांना रिक्षाने न्यावे लागले. भत्त्यासाठी अर्ज केला तेव्हा कंपनीने उत्तर दिले की, दुरुस्ती आमच्या यादीतील गॅरेजात झालेली नाही, सबब भत्ता देय नाही. कलम खरेच तसे होते, पण तिसऱ्या पानावर. एजंटाने दिलेल्या दोन पानी पॉलिसीत ते पान नव्हतेच!

यादीतल्या गॅरेजात गाडी टाकली असती तरी काय मिळाले असते? त्याच्या पॉलिसीत रोजचे ५०० रुपये, पहिले तीन दिवस वगळून आणि जास्तीत जास्त दहा दिवस, असे लिहिले होते. म्हणजे अठरा दिवसांच्या कामाला ५,००० रुपये. काही पॉलिसींत सुटा भाग येण्याची वाट पाहण्यात गेलेले दिवस धरत नाहीत. शिवाय मूळ नुकसानीचा दावा मंजूर झाला तरच हा भत्ता मिळतो. तेव्हा ही पुरवणी घेण्यापूर्वी एजंटाला चार गोष्टी विचाराव्यात. गाडी मिळणार की पैसे? सुरुवातीचे किती दिवस वगळणार? वरची मर्यादा किती दिवसांची? आणि आपल्या भागात यादीतले गॅरेज कुठे आहे? उत्तर तोंडी न घेता कागदावर दाखवायला सांगावे. ज्याची गाडी आठवड्यातून एकदा बाहेर निघते त्याने या पुरवणीवर पैसे घालू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता मूळ विम्याकडे वळू. 'फुल इन्शुरन्स' हा शब्द एजंटाच्या तोंडी असतो, कागदावर नसतो. कागदावर एक तर फक्त तिसऱ्या पक्षाचा म्हणजे थर्ड पार्टी विमा असतो किंवा त्यासह स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला पॅकेज पॉलिसी म्हणतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सक्ती आहे ती थर्ड पार्टीचीच. त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन मोटारीला तीन वर्षांचा आणि नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे कित्येकांना वाटते की, आपला पाच वर्षांचा विमा आहे. गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो आणि तो केव्हाच संपलेला असतो.

स्कूटरवाल्यांनी येथे विशेष ध्यान द्यावे. हप्ता वाचवायला केवळ थर्ड पार्टी घेतली, तर रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला भरपाई मिळते. मागे बसलेल्या पत्नीला वा भावाला अशा पॉलिसीत भरपाई मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेला आहे. पॅकेज पॉलिसी असेल तर मात्र गाडीत बसलेली माणसे आणि मागच्या सीटवरचा माणूस तिच्यात येतात, हे २०१२ च्या निकालात मान्य झाले. दोन्ही हप्त्यांतला फरक मोजताना हिशेबात घरची माणसे धरावीत. मालक-चालकाच्या स्वतःच्या अपघाती मृत्यूसाठी २०१८ पासून १५ लाख रुपयांचे संरक्षण आहे, त्याआधी ते दुचाकीला फक्त एक लाख होते. पण ते ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याजवळ चालू लायसन आहे त्याच्यासाठी. गाडी पत्नीच्या नावे आणि लायसन एकट्या नवऱ्याचे असेल, तर येथे वाद उभा राहतो.

सर्वांत जास्त भांडणे होतात ती घसाऱ्यावरून. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, घसारा आम्हाला ताळेबंदात भेटला. सामान्य माणसाला तो गॅरेजच्या बिलात भेटतो आणि घाम फोडतो. पॉलिसीप्रमाणे प्लॅस्टिक, रबर, नायलॉनचे भाग, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के कापतात. फायबरच्या भागांचे ३० टक्के, काचेचे काही नाही. पत्र्याच्या भागांची कपात गाडीच्या वयावर असते. पहिले सहा महिने शून्य आणि पुढे वाढत वाढत पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. रंगकामात सामानाच्या किमतीतून निम्मे जातात आणि सामानाची किंमत वेगळी दाखविली नसेल तर ती एकूण रंगकामाच्या २५ टक्के धरतात.

समजा, सहा वर्षांच्या गाडीचे बिल असे झाले: बंपर ६,०००, दार १०,०००, पुढची काच ४,०००, मजुरी ५,०००, रंगकाम ४,०००. एकूण २९,०००. बंपरचे ३,००० गेले, दाराचे ४,००० गेले. रंगाच्या १,००० रुपयांच्या सामानातून ५०० गेले. काच आणि मजुरी पूर्ण मिळाली. राहिले २१,५००. त्यातून सक्तीची कपात, ती १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये. हाती आले २०,५०० आणि खिशातून गेले ८,५००. जुन्या भागांच्या भंगाराची किंमत कापली तर आणखी थोडे कमी. हप्ता कमी करण्यासाठी एजंटाने 'स्वेच्छा कपात' टाकली असेल, तर तीही यात मिळवावी लागते. पुष्कळांना आपण अशी काही इच्छा व्यक्त केल्याचे आठवतही नसते.

यावर उपाय म्हणून 'झिरो डेप्रिसिएशन'ची पुरवणी असते. ती बऱ्याच कंपन्या जुन्या गाडीला देत नाहीत आणि दिली तरी वर्षातून दोनच दाव्यांना, अशी अट पाहायला मिळते. नव्या गाडीला ती घ्यावी. सक्तीची कपात मात्र तिच्यातही सुटत नाही.

पावसाळ्यात दुसरे एक कलम डोके वर काढते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत हजारो गाड्या पाण्यात बुडाल्या. पुराचे नुकसान विम्यात होते, तरी अनेकांच्या इंजिनाचे दावे नाकारले गेले. कारण पाण्यात बंद पडलेली गाडी मालकाने पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला, पाणी इंजिनात ओढले गेले आणि इंजिन जाम झाले. कंपन्यांचे म्हणणे, हे पुराचे थेट नुकसान नव्हे, तर मागाहून ओढवलेले नुकसान आणि ते पॉलिसीने वगळलेले आहे. इंजिनासाठी आता वेगळी पुरवणी मिळते. सखल भागात राहणाऱ्याने ती जरूर घ्यावी. घेतलेली नसेल तर पाण्यात बुडालेल्या गाडीची चावी फिरवूच नये. धक्का मारून किंवा क्रेनने बाहेर काढावी, फोटो घ्यावेत आणि मेकॅनिकच्या हवाली करावी.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांची तर वेगळीच गोष्ट. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा कलम १५७ प्रमाणे आपोआप नव्या मालकाकडे जातो. स्वतःच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितले आहे. चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी लागते. आपल्या लोकांत गाडी स्टँपपेपरवर घ्यायची, आरसी बुक वर्षभर जुन्याच मालकाच्या नावे ठेवायची आणि त्याच्याच नावे विमा चालवायचा, अशी वाईट सवय आहे. अपघात झाला म्हणजे कंपनी म्हणते, पॉलिसी एकाच्या नावे, गाडी दुसऱ्याची, पैसे कुणाला द्यायचे? 'नो क्लेम बोनस'चेही तसेच. दावा न केल्याबद्दलची ही २० ते ५० टक्क्यांची सूट माणसाची असते, गाडीची नसते. जुन्या मालकाची सूट तुमच्या पॉलिसीत चालू ठेवली असेल, तर नेमके दाव्याच्या वेळी ते उघडकीस येते. आपल्या स्वतःच्या सुटीचेही भान ठेवावे, पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले की ती जाते.

खासगी म्हणजे पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालविणे हेही कलमाविरुद्ध. लग्नसराईत दोन पैसे मिळतात म्हणून तरुण मुले हे सर्रास करतात. त्यांनी परवान्याची पिवळी पाटी घ्यावी, हेच बरे. तरीसुद्धा अशा भंगामुळे कंपनीने सगळाच दावा फेकून दिला, तर गप्प बसू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशाच भाड्याने दिलेल्या खासगी मोटारीच्या प्रकरणात दावा सपशेल नाकारणे चूक ठरविले आणि तडजोडीच्या पद्धतीने रक्कम द्यायला लावली. या पद्धतीत ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते.

टेम्पो आणि रिक्षा चालविणाऱ्यांसाठी एक दिलासा आहे. हलक्या वाहनाचे लायसन असलेल्या चालकाने प्रवासी वा मालवाहू वाहन चालविले म्हणून कंपन्या जबाबदारी झटकत असत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की, ७,५०० किलोच्या आतील अशा वाहनाला वेगळ्या परवानगीची गरज नाही. या कारणावरून कुणाचे प्रकरण अडले असेल, तर त्याने वकिलाला हा निकाल दाखवावा.

चोरीच्या बाबतीत पोलिसांत त्याच दिवशी फिर्याद द्यावी आणि कंपनीलाही लगेच लेखी कळवावे. फिर्याद तातडीने दिलेली असेल आणि कंपनीला कळविण्यास उशीर झाला असेल, तर तेवढ्यावरून खरा दावा नाकारता येत नाही, असा निकाल २०२० मध्ये झाला आहे. दोन्ही चाव्या जपून ठेवाव्यात. कंपनी त्या मागतेच.

एजंटाकडून केवळ दोन पानी वेळापत्रक घेऊ नये, पॉलिसीच्या संपूर्ण अटींची प्रत मागावी. ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे. इंग्रजी जड वाटले तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला वाचायला बसवावे.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे तिथे घेतली जातात आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नसतो. तो पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे आणि तिथे पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. अर्जासोबत पॉलिसी, आरसी बुक, लायसन, गॅरेजचे बिल, सर्व्हेअरचा अहवाल आणि कंपनीचे नकाराचे पत्र यांच्या झेरॉक्स जोडाव्यात. मूळ कागद कुणालाही देऊ नयेत. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत कंपनीकडे लेखी मागावी, कारण कुठल्या भागाचे किती कापले ते त्याच कागदावर लिहिलेले असते.