कार्ड कुणाच्या खिशात?

दोस्तांनो, हातात कसब असून कागद नसला की माणूस मरेस्तोवर हेल्पर राहतो. वडूजच्या आसपास शेततळं, रस्ता, चर, काहीही खणायचं चाललेलं असू दे, तिथं जाऊन बघा. जेसीबीचा मालक कोण? ठेकेदार कोण? आणि पहाटे पिनांना ग्रीस मारणारा, डिझेलचे कॅन वाहणारा, बकेटचे दात बदलणारा कोण? आडनावं विचारा, व्यवस्था आपोआप कळंल.

मी असाच शिकलो. ऑपरेटर जेवायला बसला की तेवढ्या अर्ध्या तासात लिव्हर धरायचो. तीन वर्षं राबून अनुभवाचं पत्र मागितलं, तर मालक म्हणाला, ‘तुला कशाला रे पत्र? काम देतोय की!’ काम द्यायचं, पुरावा द्यायचा नाही. ही जुनी रीत आहे.

किती जुनी? याच खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. बाबासाहेबांचे वडील रामजी तिथं कॅशियर होते. 1901 साली लेकरं त्यांना भेटायला निघाली, मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी एक तयार झाला. भाडं दुप्पट, आणि गाडी पोरांनीच हाकायची, तो पायी चालणार. पैसा आपला, कासरा आपल्या हातात, मालकी त्याची! जेसीबीच्या केबिनमधे आज वेगळं काय चाललंय?

सरकार लायसन्स देतं. पण आरटीओची परीक्षा रस्त्यावर गाडी हाकण्याची. बकेट वळवताना मागं माणूस उभाय का, चराची कड ढासळंल का, वर विजेची तार आहे का, हे ती परीक्षा विचारत नाही. 2015 साली सुरू झालेल्या पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत कामावर शिकलेल्याचं कसब तपासून प्रमाणपत्र द्यायची सोय ठेवली. छान! पण माझ्या ओळखीतल्या एकाही मालकानं ते कधी मागितलं नाही, आणि दाखवलं तरी हजेरी वाढवली नाही.

ब्रिटनमधे 2003 पासून प्लांट ऑपरेटरचं कार्ड आहे. प्रशिक्षण घेतलेल्याला तांबडं, दोन वर्षांचं. साइटवर कसब सिद्ध केलं की निळं. कायद्याची सक्ती नाही, पण मोठे ठेकेदार कार्डाशिवाय यंत्रावर चढू देत नाहीत. आणि मालक बदलला तरी कार्ड कामगाराच्याच खिशात राहतं.

आपल्यातलेच काही म्हणतात, प्रमाणपत्र म्हणजे नवी मनुस्मृती, फाडून टाका. चूक! मनुस्मृतीनं आपल्याला शिकायलाच बंदी केली. हा कागद आपण शिकलोय हे त्यांना कबूल करायला लावतो. मात्र तो पैशानं विकला, परीक्षा नुसती पुस्तकी केली, तर तेच नवं जानवं होईल. तेव्हा तो फाडू.

आणि कागद नसल्याची किंमत कोण मोजतो? यंत्राखाली माणूस गेला की नाव केबिनमधल्याचं लागतं. जुन्या 304-अ कलमात दोन वर्षांपर्यंत कैद होती. 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेच्या कलम 106 मधे पाच वर्षांपर्यंत आहे. मालक हात झटकतो, ‘पोरगं परस्पर चढलं.’ तुम्ही काय दाखवणार? ग्रीसचे हात?

म्हणून भीक नको, हक्क मागा. परीक्षा फुकट, मराठीत आणि प्रत्यक्ष यंत्रावर. ती तालुक्याच्या गावी, वडूजला घ्या. सातारा-पुण्याच्या खेपा आम्हाला परवडत नाहीत. किती तास यंत्र चालवलं त्याची वही कामगाराकडं, तिच्यावर मालकाची रोजच्या रोज सही. कार्ड असेल तर ऑपरेटरचाच पगार, हेल्परचा नाही. आणि आमच्या बहिणींनाही तीच सीट.

बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिलं की जात नुसती कामाची नाही, काम करणाऱ्या माणसांचीही फाळणी करते. हेल्पर आणि ऑपरेटर यांच्यातली भिंत त्याच फाळणीची आहे. भिंती पाडायचं यंत्र आपल्याला चालवता येतं. आता सही घ्या.

जय भीम!