डबा घेऊन एकटा गेला

गेल्या रविवारी एक भगिनी घरी आल्या होत्या. त्यांची मुलगी बारावी पास झाली आहे. विशेष मुलांच्या शिक्षिकेचा कोर्स तिला करायचा आहे, घालू का, असे विचारीत होत्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "शेजारीण म्हणते, वेड्यांच्या शाळेत कशाला पोरीला पाठवतेस? लग्न जमायचे नाही तिचे."

लग्नाचे आम्हाला काही सांगता येत नाही. शाळेचे मात्र सांगता येते. १९९८ साली त्याच कोर्ससाठी आम्ही मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका शाळेत सराव पाठ घ्यायला जात होतो. त्या भगिनीला जे तोंडी सांगितले तेच आज वाचकांपुढे ठेवतो. मुलांची नावे अर्थातच देणार नाही.

आधी शेजारणीचे उत्तर देऊन टाकू. ती वेड्यांची शाळा नव्हे. मनाचा आजार कोणालाही, कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्याच्यावर औषधोपचार असतात. बौद्धिक अक्षमता ही लहानपणापासूनच दिसू लागते. मूल उशिरा बसते, उशिरा चालते, उशिरा बोलते, आणि शिकण्याचा वेग कमी असतो. ती जाण्याचे औषध नाही, पण शिकवले तर मूल शिकते. त्या वेळी शाळेच्या पाटीवर 'मतिमंद' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असे. आता तो शब्द मागे पडला आहे. आमच्या जिभेवर मात्र तो अनेक वर्षे राहिला, हे कबूल केले पाहिजे.

वर्गात नऊ मुले होती. वय आठ ते तेरा. वर्गाच्या ताई होत्या आणि मुलांचे हागणे-मुतणे काढणाऱ्या एक मावशी होत्या. पहिल्या दिवशी आम्ही इस्त्रीची साडी नेसून, फ्लॅनेलचा फलक आणि चित्रांची पिशवी घेऊन गेलो. एका मुलीने आमचा पदर ओढला आणि त्याला नाक पुसले. मावशी हसून म्हणाल्या, "झाली तुमची ओळख."

आमच्या वाट्याला अभ्यासासाठी एक मुलगा दिला होता. अकरा वर्षांचा, अंगाने थोराड, बोलणे दोन-तीन शब्दांचे. आम्ही त्याला रंग शिकवायचे ठरवले. लाल, पिवळा, हिरवा. पुठ्ठ्याची गोल कार्डे केली. बारा दिवस रोज अर्धा तास घेतला. तेराव्या दिवशी तो तिन्ही रंग बिनचूक सांगू लागला आणि आम्ही अगदी हवेत गेलो. परीक्षणाचा पाठ याच विषयाचा घेतला.

पाठ पाहायला आलेल्या बाई मागे बसल्या होत्या. मुलाने कार्डे पाहून लाल, पिवळा, हिरवा असे सांगितले. बाई उठल्या, कार्डांचा क्रम बदलला आणि हिरवे आधी दाखवले. मुलगा म्हणाला, "लाल." मग पिवळे दाखवले तर तेही "पिवळा" म्हणून बरोबर आले, कारण ते दुसरे होते. लाल दाखवले तर "हिरवा". बाई आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्याला रंग येत नाहीत हो. त्याला तुमचा पाठ येतो." आम्ही रोज कार्डे त्याच क्रमाने दाखवीत होतो. त्याने क्रम पाठ केला होता.

गुण कमी मिळाले त्याचे दुःख दोन दिवस राहिले. पण बाईंनी जाताना आणखी एक प्रश्न विचारला होता, तो जास्त टोचला. "याला लाल-पिवळा कळला तर याच्या घरी कोणाचे काय सोपे होणार आहे?" आम्हाला उत्तर देता आले नाही, कारण त्याचे घर आम्ही पाहिलेच नव्हते.

कोर्समध्ये एका मुलाचा व्यक्तिअभ्यास लिहावा लागतो आणि त्यासाठी घरी जावे लागते. आम्ही ते काम शेवटी उरकायचे म्हणून ठेवले होते. त्या रविवारी गेलो. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. वडील महापालिकेत सफाई कामगार, पहाटे पाचला घर सोडणारे. आई चार घरची धुणीभांडी करून दुपारी एकला परतणारी. मोठी बहीण नववीत, तिची शाळा सकाळची. आई चहा करता करता सांगत होती आणि आम्ही वहीत लिहीत होतो. तेवढ्यात लक्षात आले की पोरगी शाळेत जात नाही. म्हणजे नाव आहे पटावर, पण आठवड्यातून एखादा दिवस जाते.

कारण साधे होते. सकाळी घरात मुलाजवळ ती एकटी. शेजारच्या आजी त्याला सांभाळायला तयार होत्या, पण अडत होते ते संडासाचे. वस्तीला संडास सार्वजनिक, एका बाजूला बायकांचे, एका बाजूला पुरुषांचे. आजवर बहीण त्याला बायकांच्या बाजूला नेत असे. आता अकरा वर्षांचा, अंगाने मोठा झालेला. बायका कुरकुरू लागल्या होत्या. त्यांचेही चूक म्हणवत नाही. पुरुषांच्या बाजूला ही पोर जाणार कशी? म्हणून ती त्याला खोलीतच मोरीवर बसवी, सगळे साफ करी, आणि मग शाळेची वेळ निघून गेलेली असे. पोरगी आमच्यासमोर गप्प बसून होती. आईने विचारले, "बाई, याला लाल रंग येतो म्हणता, पण संडासला एकटा जाईल असे कधी होईल का?"

सासूने सांगितले होते, पोटात असताना ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले. आम्ही देव्हारे उचलून टाकलेली माणसे, तरी आमच्या घराघरांतून हे ग्रहण अजून सुटलेले नाही. कोणा बाईने ग्रहणात भाजी चिरल्याने मूल असे होत नाही. जन्मताना मूल वेळेवर न रडणे, मेंदूचा ताप, गुणसूत्रांतला फरक, अशी कारणे असतात, आणि कितीतरी मुलांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. या माउलीने अकरा वर्षे तो दोष उराशी धरला होता.

सोमवारी आम्ही रंगांची कार्डे पिशवीत टाकली. वर्गाच्या ताईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "मी हेच म्हणणार होते, पण शिकाऊ माणसाला स्वतः जाऊन पाहू द्यावे." (हे आधी सांगितले असते तर आमचे गुण वाचले असते, असे आम्हाला तेव्हा वाटले.)

शाळेत पहिल्यांदा अडचण आली ती पँटच्या हुकाची. आम्ही हूक काढणे, चेन खाली ओढणे असे दहा टप्पे वहीत आखले. आठवडाभर हुकाशीच झटापट झाली, तो रडायचा आणि तोवर पँट ओली व्हायची. मुलाला घ्यायला आलेल्या आईला आम्ही मोठ्या आस्थेने ते टप्पे समजावून सांगू लागलो. ती म्हणाली, "हूक कशाला बाई? मी इलास्टिकच्या शिवते की." दुसऱ्या दिवशी तो इलास्टिकची चड्डी घालून आला. आमचे चार टप्पे एका फटक्यात गेले.

आता शिकवण्याची रीत सांगतो, कारण ती कोणत्याही घरात उपयोगी पडेल. आपण मुलाला पहिल्यापासून शिकवू लागतो आणि तो मध्येच अडला की रागावतो. या मुलांना पुष्कळदा उलटीकडून शिकवतात. सगळे काम आपण करायचे आणि अगदी शेवटचा एक टप्पा त्याला करू द्यायचा. काम पुरे झाल्याचा आनंद त्याला मिळतो, शाबासकीही त्यालाच. तो टप्पा पक्का झाला की शेवटचे दोन त्याचे, मग तीन. मदतही तशीच कमी करीत आणायची. आधी हातावर हात धरून, मग नुसता हात लावून, मग खुणेने, मग तोंडाने सांगून, मग काहीच नाही. हे काहीच न करणे सर्वांत अवघड.

पण शाळेतल्या संडासाला नळ आणि टमरेल, घरी मात्र डबा घेऊन जायचे. शाळेत येते म्हणून वस्तीत येईल असे या मुलांचे नसते. प्रत्येक नव्या जागी पुन्हा शिकवावे लागते. आणि वस्तीतल्या पुरुषांच्या बाजूला आम्हालाही जाता येणार नव्हते. उरले वडील.

वडिलांशी बोलायला आम्ही घाबरत गेलो. ते दुपारी कामावरून येऊन पडलेले असत. म्हणाले, "हे बायकांचे काम आहे. मी दिवसभर लोकांची घाणच काढतो." त्यावर आम्ही काय बोलणार? गप्प बसलो. पोरगी पोटमाळ्यावरून म्हणाली, "पप्पा, मग मी शाळा सोडू का?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून डबा घेतला आणि मुलाला म्हणाले, "चल रे."

त्यानंतर रोज दुपारी दोघे जाऊ लागले. आधी सगळे वडील करीत आणि परत येताना रिकामा डबा मुलाच्या हातात देत. तो घरी आणून मोरीत ठेवायचा, एवढेच त्याचे काम. मग हात धुणे आले. मग चड्डी वर ओढणे. मग पाणी घेणे, ज्याला फार दिवस लागले. मग कडी, जी तिथल्या तीन दारांना नव्हतीच. वडील बाहेर उभे राहू लागले, मग चार पावले दूर, मग रांगेच्या टोकाला. रांगेतली माणसेही ओळखू लागली होती. एकदा कोणी हसला तर दुसऱ्यानेच त्याला दटावले, असे वडील सांगत होते. ते आम्हाला एकदा म्हणाले, "बाई, माझे हात मागे बांधून ठेवावे लागतात हो. पटकन करून टाकावेसे वाटते." शिक्षकाची सगळी विद्या या माणसाला आमच्याआधी कळली होती.

आता मुलीला कोर्सला घालावे की नाही? आमच्या मते जरूर घालावे, पण चौकशी करून. बारावीनंतर दोन वर्षांचा विशेष शिक्षणाचा डी.एड. असतो. संस्थेला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे कागद मागून पाहावे. ही परिषद १९९२ च्या कायद्याने झालेली आहे आणि तिच्याकडे नोंदणी असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. मान्यता नसलेल्या जागी फी भरून फसलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत.

आणि ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. १९९८ साली त्या कुटुंबाकडे मुलाचा दाखलासुद्धा नव्हता. दाखला काढला तर पोराच्या कपाळावर शिक्का बसेल अशी आईला भीती. आज २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखल्यासाठी आणि ओळखपत्रासाठी अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीही आहे. मूल अठराचे झाले की पालकत्वाचा कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून करून घ्यावा लागतो. हे बहुतेक आईबापांना माहीत नसते आणि बँकेत खाते काढायला गेल्यावर कळते. दाखला काढा. शिक्का बसत नाही, दार उघडते.

आमचे सराव पाठ संपायला पाच-सहा दिवस उरले होते. सकाळी शाळेत पोचलो तर मुलाची आई काम सोडून फाटकाशी उभी. आमच्या पोटात गोळा आला. ती म्हणाली, "आज सकाळी डबा घेऊन एकटा गेला. आजी दारात उभ्या होत्या. जाऊन आला, डबा मोरीत ठेवला, हात धुतले." एवढे सांगून ती कामावर पळाली.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. उलटीकडून शिकवल्यामुळे शेवटचे टप्पे त्याचे पक्के होते आणि पहिला सर्वांत कच्चा. डबा भरायचे तो विसरे. रिकामाच डबा घेऊन जाई आणि आतून हाका मारी. वडिलांनी पिंपाशी नेऊन नेऊन शिकवले, तरी कधी भरे, कधी नाही.

निरोप घ्यायला शेवटचे त्यांच्या घरी गेलो तेव्हा बहीण गणवेशात होती, दप्तर भरून निघायच्या तयारीत. त्या आठवड्यात ती पाच दिवस शाळेत गेली होती. आम्ही डब्याचे विचारले. ती म्हणाली, "ताई, त्याचे मी बघितलेय." पिंपातून डबा भरला, झाकण लावले, उंबऱ्याशी त्याला दिसेल असा ठेवला आणि चपला घालून शाळेकडे पळाली.